खाऱ्या हवेतली त्वचा

हळद, बेसन, खोबरेल यांचा विचार करण्याआधी आपण कुठल्या हवेत आणि कुठल्या पाण्यात राहतो, हे पाहायला हवं. घरगुती उपाय सांगणारे लोक लडाखच्या आणि लातूरच्या चेहऱ्याला एकच लेप सुचवतात. आपल्या वसई-विरारच्या पश्चिमेला समुद्र आहे, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. तिन्ही बाजूंनी खारं पाणी असलेल्या या पट्ट्यात हवा वर्षातले बरेच महिने दमट असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. अशा हवेत घाम येतो, पण उडून जात नाही. तो अंगावरच राहतो, काखेत, मांड्यांत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मुरतो. इथल्या त्वचेच्या बऱ्याच तक्रारी या न वाळणाऱ्या घामातून निघतात.

उरलेल्या तक्रारींत मोठा वाटा पाण्याचा आहे. सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं, तरी नालासोपारा-विरारच्या पूर्वेकडच्या कितीतरी इमारती अजून बोअरवेल आणि टँकरवर चालतात. पश्चिमेकडच्या वाड्यांत विहिरी होत्या, आजही आहेत. पण जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की त्या जागी समुद्राचं खारं पाणी सरकतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारातून हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. विहिरींतून टँकर भरून नेण्याला वसईकरांनी केलेला विरोध हा त्या लढ्याचा एक भाग होता. तो लढा शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा म्हणून आठवला जातो. मला तो अंगाला लागणाऱ्या पाण्याचाही वाटतो.

क्षाराच्या पाण्यात साबण फेसाळत नाही, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतं आणि न विरघळणारी पांढरी साय तयार होते. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला जो थर दिसतो त्यात ही सायही असते. ती अंगावरही बसते. फेस येत नाही म्हणून आपण साबण आणखी घासतो, साय आणखी वाढते आणि आंघोळीनंतर नडग्या चरचरतात. हवा एवढी दमट असूनही इथल्या माणसांच्या पोटऱ्या पांढुरक्या दिसतात, त्याचं एक कारण हे.

आता त्वचेकडे येऊ. तिचा सर्वांत वरचा थर साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड असतो. त्यात मेलेल्या, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं भरलेली असतात. वसईच्या किल्ल्याचा तट डोळ्यांपुढे आणा. दगड अजून जागेवर आहेत, पण जिथे सांध्यांतला चुना झिजला तिथे पिंपळाने मूळ धरलं. त्वचेचंही तसंच. पेशी टिकून राहतात, झिजतं ते मधलं स्निग्ध द्रव्य, आणि त्या फटींतून पाणी बाहेर जातं, जंतू आणि रसायनं आत येतात. त्वचेची काळजी म्हणजे मुख्यतः हे सांधे सांभाळणं. वरचा थर साधारण महिन्याभरात आपोआप झडतो आणि खालून नवा येतो. त्याला खरवडून काढण्याची गरज नसते.

दुसरी गोष्ट आम्लतेची. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, तिचा सामू, म्हणजे पीएच, पाचाच्या आसपास असतो. या सौम्य आम्लतेत उपकारक जंतू टिकतात आणि सांध्यांतली स्निग्धता तयार करणारी विकरं नीट काम करतात. साबणाचा सामू नऊ-दहा असतो, खाण्याच्या सोड्याचा आठाच्या वर. लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. म्हणजे साबण आणि सोडा एका टोकाला, लिंबू दुसऱ्या टोकाला, आणि त्वचा मध्ये.

लिंबाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण घरगुती म्हणून होणारं नुकसान मुख्यतः त्याच्यामुळे होतं. लिंबाच्या रसात आणि त्याहून अधिक सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की तिथे भाजल्यासारखा डाग उठतो, कधी फोड येतात, आणि फोड गेल्यावर राहिलेला काळा डाग कित्येक महिने जात नाही. काळेपणा घालवण्यासाठी लिंबू लावावं आणि कायमचा वाटावा असा डाग पत्करावा, हे आपल्याकडे सर्रास घडतं. मोगऱ्याच्या वाडीत दिवसभर उन्हात काम करणाऱ्या बाईने, किंवा रोज अकराच्या उन्हात स्टेशनवर उभं राहणाऱ्या मुलीने, तोंडाला लिंबू लावू नये. सरबतात घ्यावं.

मग साबणाला पर्याय काय? आजीच्या न्हाणीघरातलं पीठ. हरभऱ्याच्या किंवा मसुरीच्या डाळीचं पीठ क्षाराच्या पाण्यात साय धरत नाही, कारण ते साबण नाहीच. पीठ अंगावरचं जास्तीचं तेल आणि मळ शोषून घेतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्या किनाऱ्यावर आधी तेल आणि मग पीठ ही जोडी टिकून राहिली, यामागे मला हे साधं कारण दिसतं. तेल आधी सांध्यांत बसतं, पीठ वरचं उचलतं, सांध्यांतलं ठेवतं. साबण दोन्ही काढतो.

दिवाळीचं उटणं म्हणजे याच जोडीचं सणासुदीचं रूप. बाजारातल्या पाकिटापेक्षा ते घरी करणं सोपं आहे. मसुरीची डाळ धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि मिक्सरमधून बारीक काढा. चार चमचे पिठाला नागरमोथ्याची पूड एक चमचा, वाळ्याची पूड एक चमचा, आंबेहळद अर्धा चमचा. हे जिन्नस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. शक्यतो अख्खे घ्या आणि घरी दळा. पूड दोनदा वस्त्रगाळ करा, म्हणजे मलमलीच्या फडक्यातून चाळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. नागरमोथ्याचा एखादा खरखरीत कण चेहऱ्यावर घासला की बारीक ओरखडे उठतात आणि दुसऱ्या दिवशी आग होते. उटणं लावताना नारळाच्या दुधात किंवा गायीच्या दुधात कालवा, हाताने पसरा आणि ओलसर असतानाच धुऊन टाका. पूर्ण वाळवून, चोळून, भुगा पाडून काढण्याची पद्धत चेहऱ्याला मानवत नाही.

उटण्यात एक जिन्नस मात्र घालू नका : बावची. बऱ्याच जुन्या याद्यांत ती असते. बावचीच्या बियांत सोरालेन असतं आणि तेही उन्हाबरोबर त्वचा भाजतं. कोडावर बावची वापरण्याची आयुर्वेदाची पद्धत जुनी आहे. आजचे त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन आणि अतिनील किरण यांचा मेळ कोडासाठी वापरतात, पण मात्रा मोजून आणि वेळ घड्याळावर लावून. याच बावचीतून बाकुचिओल नावाचं वेगळं द्रव्य शुद्ध करून काढतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुरकुत्या आणि डाग यांवर ते रेटिनॉलच्या तोडीचं ठरलं आणि त्याने आगही कमी झाली. बाकुचिओलचं सीरम आणि बावचीची पूड या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलीची जाहिरात वाचून दुसरी तोंडाला लावू नये.

आता तेल. अर्नाळा, आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज या पट्ट्यात नारळ दारात असतो, आणि ज्याच्या दारात नारळ आहे त्याने बाटलीतल्या तेलासाठी पैसे घालवू नयेत, असं माझं मत आहे. तीन-चार चांगले जून नारळ खवणीवर खवून घ्या. थोडं कोमट पाणी घालून वाटा आणि स्वच्छ फडक्यात बांधून पिळा. चोथ्यात पुन्हा कोमट पाणी घालून आणखी एकदा पिळा. निघालेलं दूध काही तास झाकून ठेवा. जाड साय वर येते आणि पाणी खाली राहतं. ती साय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. आधी ती फुगते, मग फुटते, मग कढईत चुरचुर आवाज येऊ लागतो. तो आवाज पाण्याचा असतो. पाणी संपत आलं की आवाज मंदावतो, तळाला कण बदामी होतात आणि त्यांच्यावर निवळ तेल दिसतं. कण काळे होण्याआधी कढई उतरवा आणि तेल गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. वाटीभर तेल निघतं. दक्षिण कोकणात या तेलाला आवेल म्हणतात. तळाचे बदामी कण गूळ घालून खाल्ले जातात, आणि मुलं त्यासाठी चुलीपाशी घुटमळतात.

पाण्याचा अंश राहिला तर हे तेल थोड्या दिवसांत खवट होतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण घरी केलेल्या प्रत्येक प्रसाधनाला ते लागू पडतं. कोरडी पूड टिकते, निखळ तेल टिकतं, पण पाणी आलं की जंतू आणि बुरशी आली. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, काकडीचा रस, दही घातलेला लेप हे सगळं ताजं करायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. पावसाळ्यात तर पिठाच्या डब्यालाही आपल्याकडे बुरशी धरते. तेव्हा उटणं थोडं करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. २००४ साली फिलिपिन्समधल्या संशोधकांनी कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. म्हणजे औषधाच्या दुकानातल्या महागड्या मॉइश्चरायझरशिवाय पोटऱ्या, कोपरं आणि टाचा सांभाळता येतात. लावायची वेळ महत्त्वाची : आंघोळ झाल्यावर, अंग टिपून घेतल्यावर, थोडा ओलावा असतानाच. वाळलेल्या अंगावर तेल थापलं तर आत ठेवायला पाणीच नसतं. टाचांना भेगा असतील तर रात्री कोकमाचं तेल लावा. कोकणी मालाच्या दुकानात त्याचे घट्ट गोळे मिळतात. चुलीजवळ धरला की वितळतो, टाचेवर पुन्हा थिजतो आणि भेग बुजवून बसतो.

पण खोबरेल सगळ्यांसाठी नाही. ज्यांचा चेहरा तेलकट आहे, तारुण्यपिटिका येतात, त्यांनी ते चेहऱ्यावर लावू नये. छिद्रं बुजतात आणि पुटकुळ्या वाढतात. एप्रिल-मेमध्ये बाळाला घामोळं आलं असेल तर तेलाने ते वाढतं. तिथे फक्त गार पाण्याने पुसणं, सुती झबलं आणि वारा. कोंड्याला कारण होणारी मॅलॅसिझिया नावाची बुरशी तर तेलातल्या स्निग्धाम्लांवरच वाढते, तेव्हा भुवयांत, नाकाच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर तेलाने ते बरे होणार नाहीत.

नालासोपारा-विरारमध्ये उत्तरेकडून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या घरी बाळाला मोहरीच्या तेलाने चोळतात. २००२ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत मोहरीच्या तेलाने त्वचेचा बिघडलेला थर भरून यायला उशीर झाला, सूर्यफुलाच्या तेलाने तो लवकर सावरला. बाळाची मालिश ही माया आहे, ती सोडायला कोणी सांगत नाही. तेल तेवढं बदलावं. आणि ज्या बाळाच्या गालावर, कोपरांच्या घडीत खाजून लाल होतं, त्याच्या बाबतीत कुठलंही तेल डॉक्टरांना विचारूनच लावावं.

हळदीची गोष्ट सांगितल्याशिवाय मराठी माणसाचं त्वचेवरचं प्रकरण पुरं होत नाही. वसईतल्या हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांत लग्नाआधी हळद लागते. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत रोस असतो, तिथे नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या काळात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने पेटंटला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. आपलं घरातलं ज्ञान परक्याच्या नावावर जाता जाता वाचलं, ही अभिमानाची गोष्ट आहे.

त्या निकालाचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. ही माहिती नवी नाही, एवढंच तिथे ठरलं. हळद किती आणि कशी काम करते, हा प्रश्न तिथे नव्हताच. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन. सुक्या हळदीत ते शेकडा दोन ते पाच असतं, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं आणि प्रकाशात विघटित होतं. पाण्यात कालवलेली हळद मुख्यतः रंग देते. तेलात खलून लावलेली थोडी आत जाते. सूज कमी करण्याचा तिचा गुण प्रयोगशाळेत वारंवार दिसला आहे, म्हणून डाळीच्या पिठात चिमूटभर हळद घालण्याला माझी हरकत नाही. वाहत्या जखमेत मात्र हळद कोंबू नये. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना आधी ती खरवडून काढावी लागते. जखमेला आधी वाहतं पाणी, आणि धनुर्वाताची सुई.

हळद विकत घेताना अख्खी हळकुंडं घ्या. पूड पिवळीजर्द दिसावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट मिसळतात आणि त्यात शिसं असतं. घरात लहान मूल असेल तर हा धोका मोठा आहे. काही जणांना शुद्ध हळदीचीही ॲलर्जी असते. हळदीच्या समारंभानंतर नवरीच्या गालावर पुरळ उठलेलं पुष्कळांनी पाहिलं असेल. म्हणून नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, रोज एकदा अशी चार-पाच दिवस लावून पाहावी. लाल झालं नाही, खाज आली नाही, तरच चेहऱ्यावर. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच काहीही लावू नये.

वाडीतल्या बाकीच्या गोष्टींबद्दल. वसईचं केळं आणि आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. केळं कुस्करून चेहऱ्याला लावलं तर घटकाभर ओलावा मिळतो, याहून जास्त काही नाही. ते खावं. केळीच्या पानाने मात्र खरी कामगिरी केली आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष छापले. पानाचा पृष्ठभाग मेणचट आणि गुळगुळीत असल्यामुळे ते जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रुग्णाला वेदना फार कमी होतात. एवढ्या स्वस्त पट्टीने गरीब रुग्णाच्या यातना कमी झाल्या, याचं मला फार अप्रूप आहे. पण ती पानं रुग्णालयात वाफेने निर्जंतुक केलेली होती. वाडीतून तोडलेलं पान तसंच भाजलेल्या जागी ठेवू नका. भाजलं की वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, मग स्वच्छ कोरडं फडकं आणि दवाखाना. टूथपेस्ट, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांतलं काही नको.

नागवेलीचं पान हीसुद्धा वसईची जुनी ओळख. त्याचा शेक मुलांच्या छातीला देतात. चेहऱ्यावरचे वांग घालवण्यासाठीही हे पान लावण्याचा सल्ला हल्ली ऐकू येतो. तैवानमध्ये हेच केलं जात असे. गरम केलेली विड्याची पानं चेहऱ्यावर लावणाऱ्या लोकांच्या कातडीवर आधी काळपट छटा आणि मग पांढरे चट्टे उमटले. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९९ साली अशा रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. वांगावर विड्याचं पान नको.

कोरफड कुंडीतही येते आणि उन्हाने रापलेल्या कातडीला तिचा गर थंडावा देतो. पान कापल्याबरोबर गर काढू नका. कापलेलं टोक खाली करून पान वाटीत उभं ठेवा. सालीखालून पिवळा, कडू चीक निथळेल. तोच खाज आणि आग करतो. तो गेला की पान धुवा, साल काढा, मग काचेसारखा गर वापरा. फुलांच्या बाबतीत एकच सूचना. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाणारी फुलं देव्हाऱ्यासाठी आणि गजऱ्यासाठी पिकवलेली असतात, त्यांवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते. लेपासाठी पाकळ्या हव्या असतील तर स्वतःच्या दारच्याच घ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे दोन गोष्टी घरोघरी होतात : चिखल्या आणि गजकर्ण. सखल भागात पाणी तुंबतं, माणसं त्यातून चालत स्टेशन गाठतात आणि दिवसभर ओल्या चपला-बुटांत काढतात. बेचक्या पांढऱ्या पडतात, फाटतात, चरचरतात. चिखल्यांवर मेंदीचा लेप लावण्याची जुनी रीत आहे आणि ती वेडगळ नाही. मेंदीतल्या लॉसोनला बुरशीविरोधी गुण आहे आणि मेंदीने बेचकी कोरडी पडते. मेंदी घरच्या पानांची हवी. काळ्या मेंदीच्या पाकिटात केस काळे करण्याचं रसायन असतं, त्याने कातडी सोलते. त्याहून मोठा उपाय म्हणजे घरी आल्यावर पाय धुऊन प्रत्येक बेचकी सुक्या फडक्याने टिपणं. फाटलेल्या कातडीतून तुंबलेल्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जातात. पायाला चीर असताना पाण्यातून चालावं लागलं आणि नंतर ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पाण्यातून चाललो हे आवर्जून सांगा.

गजकर्णावर मात्र घरगुती उपाय करू नका. लसूण चोळल्याने कातडी भाजते, लिंबाने आग होते, तेलाने चट्टा ओला राहतो. वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांवर त्वचेच्या दुखण्यासाठी आंघोळ करण्याची प्रथा जुनी आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयासाठी जिला नवस बोलला, त्या देवीवरची श्रद्धाही या प्रथेमागे आहे. श्रद्धेने जा. पण गजकर्ण किंवा खरूज असलेल्याचा टॉवेल दुसऱ्याने वापरला की रोग दुसऱ्या घरी पोचतो. खरजेत तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती फिरत राहते. आणि औषधाच्या दुकानात जाऊन, बोट दाखवून, खाजेची ट्यूब मागणं हे सर्वांत वाईट. अशा कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरते आणि पुढच्या वेळी साध्या औषधाला दाद देत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टिरॉइड मलमांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीवर बंदी घातली. नियम आहे, पाळायला आपण भाग पाडायचं.

गोरेपणाबद्दल शेवटी लिहितो आहे, कारण घरगुती त्वचा-काळजीच्या नावाखाली बहुतेकांना तोच हवा असतो. आपला सावळा रंग मेलॅनिनचा आहे आणि किनाऱ्यावरच्या उन्हात तोच आपल्याला कर्करोगापासून जपतो. डाळीचं पीठ, दूध, हळद, मध यांनी रंग उजळत नाही. साचलेला मळ जातो आणि त्वचा तुकतुकीत दिसते. एवढं पुरेसं मानणाऱ्या घरात कोणाचं नुकसान होत नाही. त्यावर जे थांबत नाहीत, ते पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीकडे वळतात. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघी जणी, आई आणि दोन मुली, चेहरा उजळण्याचं क्रीम लावत होत्या. तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. वर्षानुवर्षं आपण ज्याला सौंदर्य म्हणून शिकवलं, त्याची किंमत त्या मुलींनी भरली.

तुमच्या घरात अशी डबी असेल, वर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, बॅच क्रमांक नाही, आठवड्यात फरक पडेल असं तोंडी सांगितलेलं, तर ती आजच वापरातून काढा. वाडीत किंवा नाल्यात फेकू नका, पारा मातीत आणि पाण्यात राहतो. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून ठेवा आणि महापालिकेच्या घातक कचऱ्यात द्या. कोणी ती काही आठवडे लावली असेल, पायावर सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर डॉक्टरांकडे जा, लघवीतलं प्रथिन तपासून घ्या आणि डबी सोबत न्यायला विसरू नका.